शेताची वाट अडवली तर तहसीलदार आहेत, पैशाची वाट अडवली तर कोण?

महाराष्ट्रातून संसदेत गेलेल्या लोकसभेच्या ४८ आणि राज्यसभेच्या १९ सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली द्राक्ष बागायतदार. आमची अकरा एकर बाग आहे, त्यातली सात एकर वाइनच्या द्राक्षांची. बागेला लागून छोटी वायनरी आणि चार खोल्यांचं मुक्कामाचं घर आहे. थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात, बाग बघतात, द्राक्षं तुडवतात, वाइन चाखतात, चुलीवरचं जेवून मुक्काम करतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आमच्या भिंतीवर लावलेला आहे आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण होतं. मुक्कामावर जीएसटी भरतो, वाइनवर व्हॅट भरतो. एकवीस वर्षांखालच्या कुणाच्याही हातात आम्ही पेला देत नाही. ऑनलाइन बाटली विकत नाही. वेबसाइटवर फक्त बाग बघण्याचं, चाखण्याच्या कार्यक्रमाचं आणि खोलीचं बुकिंग होतं, शिवाय बेदाणे आणि द्राक्षाचा रस.

यंदाच्या जानेवारीत, तोडणी ऐन भरात असताना, एका गुरुवारी संध्याकाळी पेमेंट गेटवे कंपनीचा, म्हणजे पाहुण्यांचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, चार ओळींचा मेल आला. आमचा व्यवसाय त्यांच्या धोरणात बसत नाही, सेवा तत्काळ बंद करत आहोत, जमा असलेली रक्कम १८० दिवसांपर्यंत राखून ठेवली जाईल. चार वर्षं हीच कंपनी आमचे पैसे घेत होती आणि दर व्यवहारामागे आपली टक्केवारी कापून घेत होती. चार वर्षांत आमच्याविरुद्ध एका पाहुण्याची तक्रार नव्हती. शनिवार-रविवारचे ६२ पाहुणे पैसे भरून बसले होते. त्यांचे आणि आधीच्या आठवड्याचे मिळून ३ लाख ४० हजार रुपये अडकले.

पाहुण्यांना आम्ही परत पाठवलं नाही. सगळे आले, जेवले, राहिले. त्यांनी भरलेला पैसा मात्र आमच्याकडे आला नाही. तोडणीला पेठ आणि सुरगाण्याकडून बाया येतात, त्यांचा हिशेब दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी चुकता करायचा असतो. त्या आठवड्यात मी तो दिरांकडून उसने घेऊन केला. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, ते माझ्या पाटल्या गहाण ठेवून भरलं. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. एका मेलचं वजन किती असतं, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

आमचे सासरे नाना ८१ वर्षांचे आहेत. त्यांना गेटवे म्हणजे काय ते समजावून सांगताना मी म्हटलं, पाहुण्याच्या बँकेतून आपल्या बँकेत पैसा ज्या वाटेनं येतो, ती वाट या कंपनीच्या हातात आहे. ते लगेच म्हणाले, "मग तहसीलदाराकडं अर्ज कर की. वाट अडवायचा हक्क कुणालाच नाही."

नानांचं म्हणणं जमिनीपुरतं अगदी बरोबर आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. शेजाऱ्यानं वहिवाटीची वाट बांध घालून अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि ते अडथळा काढायला लावू शकतात. जमीन शेजाऱ्याची असली तरी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ तर बांधावरून नवी वाटही देतं. वाट बंद झाली की शेत असूनही नसल्यासारखं होतं, हे त्या वेळच्या कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. आज आमच्या व्यवसायाचा निम्म्याहून जास्त पैसा ज्या वाटेनं येतो, तिच्यासाठी असा कायदा नाही. तो करणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र आमदारांना न लिहिता तुम्हाला लिहिते.

माझ्या तक्रारी मांडते.

सगळ्यात मोठी तक्रार ही की, जे कायद्यानं मला करू दिलंय ते एक खासगी कंपनी गुपचूप बंद करू शकते. मद्याचा विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिला आहे, सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत आठव्या क्रमांकावर. महाराष्ट्रानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनसाठी द्राक्षं लावा म्हणून सरकारच सांगत होतं, विंचूरला वाइन पार्क काढला. नानांनी त्या भरवशावर २००४ मध्ये खायची थॉमसन द्राक्षं काढून शिराझ आणि शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं लावली. २००८ नंतरच्या मंदीत कित्येकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या, नानांनी ठेवल्या. म्हणजे आम्ही कुठल्याही आडवाटेनं या धंद्यात आलो नाही.

दारू वाईट, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. निफाड तालुक्यात माझं माहेर आहे. तिथल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध माझ्या आईनं सही केली होती आणि मला तिचा अभिमान आहे. आपल्या राज्यात बायांनी एकत्र येऊन अर्ज करायचा, रीतसर मतदान व्हायचं, निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप, अशी सोय आहे. उद्या कायद्यानं ठरवून, सगळ्यांसमोर मतं मोजून माझा परवाना काढून घेतला, तर मी तो निर्णय मानीन. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अंमलात आला नाही. माझ्यासारखीचं त्यात नुकसान झालं असेल, पण जे झालं ते उघड झालं. मला माझं म्हणणं मांडता आलं. गेटवे कंपनीच्या धोरणावर कुणी मत मागितलं होतं? ते धोरण कुठल्या ग्रामसभेत, कुठल्या सभागृहात वाचून दाखवलं?

संसदेला एखाद्या धंद्याचा पैसा थांबवायचा असतो, तेव्हा काय करायचं ते संसदेला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तुम्हीच ऑनलाइन गेमिंगचा कायदा केलात. पैसे लावून खेळायच्या खेळांचे व्यवहार बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी करू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं. कुणाला तो पटला, कुणाला नाही. पण तो राजपत्रात आहे, त्याला न्यायालयात आव्हान देता येतं. माझा धंदा त्या कायद्यात नाही, दुसऱ्या कुठल्या कायद्यातही नाही. तो आहे एका कंपनीच्या यादीत.

आता त्या यादीविषयी. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० रोजी पेमेंट अॅग्रिगेटर कंपन्यांसाठी, म्हणजे आमच्या गेटवेसारख्या व्यापाऱ्यांचे पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांसाठी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. व्यापाऱ्याला जोडून घेण्याआधी त्याची पूर्वपीठिका तपासा, तो ग्राहकांना फसवणारा नाही ना, बनावट किंवा प्रतिबंधित माल विकत नाही ना ते पाहा, असं त्यांत म्हटलं होतं. योग्यच आहे. पण प्रतिबंधित म्हणजे कुणी प्रतिबंधित केलेलं? मी तरी त्याचा अर्थ कायद्यानं, असाच घेते. कंपन्या मात्र त्या शब्दाच्या आडोशानं आपापल्या याद्या करतात आणि परवानाधारक वायनरी, हातभट्टी आणि बनावट औषधं विकणारा एकाच रांगेत उभे करतात. प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी कोड असतो. पर्यटनस्थळाचा ७९९१, दारूच्या दुकानाचा ५९२१. आमचा कोड चार वर्षं पहिला होता. कुणीतरी, बहुधा वेबसाइटवरचा वाइन हा शब्द वाचून, तो बदलला. बदलताना एक फोनही केला नाही.

पैसे अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना कुठून मिळाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती रक्कम कंपनीची नाही. म्हणूनच तर रिझर्व्ह बँकेनं ती वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्याचा पैसा सांभाळायच्या खात्यात, ठेवायला लावली आहे. एखाद्या पाहुण्यानं तक्रार केली असेल तर त्याच्यापुरते पैसे थांबवा. ६२ जण जेवून, राहून, आनंदानं घरी गेले, त्यांचे पैसे सहा महिने कशासाठी?

कारण विचारायला गेलं तर कारण मिळत नाही. मी अकरा वेळा फोन केला, चार तक्रार क्रमांक माझ्याकडे आहेत. प्रत्येक वेळी नवा मुलगा, प्रत्येक वेळी हेच उत्तर की धोरणाची बाब असल्यानं अधिक सांगता येणार नाही. त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात काहीच नसतं. वर दाद मागायची तर बँका आणि वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत संस्थेच्या 'व्यावसायिक निर्णया'विरुद्धची तक्रार दाखलच करून घेतली जात नाही. आणि हा त्यांचा व्यावसायिक निर्णय! म्हणजे जिथं अन्याय होतो नेमकं तेच दार बंद.

क्यूआर कोड लावा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. लावला आहे. पण कोणत्या तारखेला किती जण, कुठली खोली, पैसे आले की नाही, हे सगळं एका जागी जुळवायला गेटवे लागतो. परदेशातून येणारे पाहुणे कार्डानंच पैसे भरतात. दोन वेळा लोकांनी पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवला. दुसऱ्या गेटवे कंपनीनं तोच कोड पाहून नकार दिला. तिसरीनं कागदपत्रं मागवली, पाठवली, पुढे काहीच नाही.

रोख घ्या, असंही कुणी म्हणेल. सरकार स्वतःच आम्हाला रोखीपासून लांब जायला सांगतं. २०१७ पासून आयकर कायद्यानं २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एकाच व्यवहारात घ्यायला बंदी आहे. आमच्याकडे एखाद्या कंपनीची सहल आली तर बिल त्याच्या वर जातं. रिझर्व्ह बँकेच्या नोटेमागे १९३४ चा कायदा उभा आहे, ती वैध चलन आहे आणि माझा धंदा कुठला हे नोट विचारत नाही. त्या नोटेची जागा जर डिजिटल पैसा घेणार असेल, तर त्यानंही ते विचारू नये.

हे फक्त वाइनवाल्यांचं गाऱ्हाणं समजू नका. इंदिरानगरमधले एक स्नेही जुनी नाणी विकतात. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था असलेल्या जिल्ह्यात राहून त्यांना आपला छंद आणि व्यापार पेमेंट कंपनीनं धोक्याच्या वर्गात का टाकला ते समजत नाही. माझ्या मैत्रिणीची डॉक्टर बहीण किशोरवयीन मुलींसाठी लैंगिक आरोग्याचा वर्ग घेते. तिच्याही वर्गाची फी अशीच अडकली होती, एका शब्दामुळे.

जगभर हेच चाललं आहे. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅल यांनी सरकारांची गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या बंद केल्या. त्या वेळी कुठल्याही न्यायालयानं तसा हुकूम दिलेला नव्हता. आइसलँडमधली देणग्या गोळा करणारी कंपनी कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्हिसाच्या स्थानिक भागीदाराला सेवा पुन्हा सुरू करायला लावली. जुलै २०२५ मध्ये स्टीम आणि इच डॉट आयओ या खेळ विकणाऱ्या ठिकाणांनी पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली प्रौढांसाठीचे खेळ काढले किंवा शोधात दिसेनासे केले. ते खेळ कसे होते, मला माहीत नाही, आणि माझ्या घरात ते नकोत. पण पुढे जे घडलं ते नीट वाचा. मास्टरकार्डनं जाहीर केलं की आम्ही कुठल्याही खेळाची तपासणी केली नाही, कायदेशीर खरेदी आम्ही चालू देतो. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं म्हणणं असं की, मधल्या पेमेंट कंपन्यांनी मास्टरकार्डच्याच नियमाकडे बोट दाखवलं, ब्रँडच्या नावाला धक्का लागेल असे व्यवहार नकोत या नियमाकडे. नकार आला, पण नकार दिला कुणी, ते शेवटपर्यंत कुणी आपल्या अंगावर घेतलं नाही. माझ्या चार तक्रार क्रमांकांची गोष्ट हीच आहे.

आपल्याकडेही एक निकाल आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या व्यावसायिकांना सेवा देऊ नका असं बँकांना सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. जो धंदा कायद्यानं बंद केलेला नाही, त्याची बँकेची वाट तोडण्याइतकं मोठं नुकसान रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नव्हतं, म्हणून तो उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. तरीही काही बँका ग्राहकांना त्याच रद्द परिपत्रकाचा दाखला देत राहिल्या आणि ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला खुलासा काढावा लागला. म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेच्या पावलाला न्यायालयात प्रमाणाची कसोटी लागते. तिनं परवाना दिलेल्या कंपनीच्या मेलला कसलीच कसोटी नाही.

दारूच्या व्यापाराला मूलभूत हक्क नाही, हे १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. माझ्या वकिलांनी मला ते आधीच सांगितलं. म्हणून मी मूलभूत हक्काचा दावा करत नाही. परवाना द्यायचा की नाही, हा अधिकार सरकारचा. पण सरकारनं दिलेला परवाना निरुपयोगी करण्याचा अधिकार तिसऱ्याचा कसा, एवढंच विचारते.

खासगी कंपनीनं कुणाशी करार करावा हा तिचा प्रश्न, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. ती किराणा दुकान असती तर मी मान्य केलं असतं. पण बँका सोडल्या तर रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय हे काम कुणाला करता येत नाही, आणि मंजुरीसाठी अर्ज करतानाच १५ कोटींचं नक्त मूल्य दाखवावं लागतं. मी उठून दुसरी वाट काढू शकत नाही. मोजक्यांनाच वाट चालवू द्यायची, तर ती सगळ्यांसाठी खुली ठेवण्याची अटही त्या मंजुरीबरोबर यायला हवी. याच कायद्यात संसदेनं पूर्वी असा हात घातला आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट, २००७ मध्ये कलम १०अ घालून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर शुल्क घेऊ नका असं बँकांना आणि कंपन्यांना बजावलं, १ जानेवारी २०२० पासून ते लागू आहे. शुल्क घेऊ नका असं सांगता येतं, तर कायदेशीर व्यवहार नाकारू नका असंही सांगता येईल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

२००७ च्या या कायद्यात नवं कलम घाला. केंद्राच्या किंवा संबंधित राज्याच्या कायद्यानं जो व्यवहार वैध आहे, तो केवळ मालाच्या प्रकारावरून किंवा कंपनीच्या नावाला बट्टा लागेल या भीतीवरून कुणाही मंजुरीप्राप्त पेमेंट कंपनीनं नाकारू नये. न्यायालयाचा आदेश, चालू तपास, काळा पैसा रोखणारा २००२ चा कायदा आणि पुराव्यानिशी दिसणारी फसवणूक हे अपवाद राहू द्या. चोरांना पाठीशी घाला असं मी म्हणत नाही. फसवणुकीनं आमच्या गावातल्या दोन घरांची आयुष्याची पुंजी गेलेली मी पाहिली आहे.

सेवा बंद करायची तर किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी. नोटिशीत कुठला नियम, कुठला व्यवहार, हे लिहिलेलं असावं, आणि ती व्यापाऱ्याला मराठीत मागता यावी.

ज्या रकमेवर तक्रार आहे तेवढीच थांबवावी. बाकीची ठरल्या दिवशी खात्यात जमा करावी, उशीर केला तर व्याजासह. माझ्यासाठी ही मागणी सगळ्यांत तातडीची आहे, कारण १८० दिवसांत माझ्यासारखा छोटा माणूस बुडतो.

लोकपाल योजनेतून व्यावसायिक निर्णयाची पळवाट अशा प्रकरणांपुरती काढून टाका. सुनावणीची मुदत ठरवा. आंतरराष्ट्रीय कार्ड कंपन्यांच्या करारातलं कलम भारतातल्या कायद्याच्या वर चालणार नाही, हेही एका वाक्यात लिहा. एखाद्या धंद्यात जोखीम खरोखरच जास्त असेल तर दोन पैसे जास्त शुल्क घ्या, त्याची मर्यादा रिझर्व्ह बँक ठरवील. मी ते भरीन.

सरकार विधेयक आणेपर्यंत थांबायची गरज नाही. अधिवेशनात शुक्रवारची अडीच तासांची वेळ खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखलेली असते. तुमच्यापैकी मंत्री नसलेला कुणीही एक जण हे विधेयक मांडू शकतो. ६७ जणांपैकी कुणाच्या मतदारसंघात आंब्याच्या बागा आहेत, कुणाच्या गावात फटाक्यांची परवानाधारक दुकानं आहेत, कुणाच्या शहरात पुस्तकं छापली जातात. आज माझी यादीत नोंद झाली, उद्या त्यांची होईल, आणि त्यांनाही चार ओळींचाच मेल येईल.

ऑक्टोबरच्या छाटणीला हात लावायच्या आधी आम्हाला ठरवायचं आहे की, वाइनच्या सात एकरांतली किती बाग ठेवायची. नाना ठेवा म्हणतात. पुढच्या अधिवेशनाआधी नाशिकच्या बाजूला आलात तर मळ्यावर या. परवाना, तो मेल, चार तक्रार क्रमांक आणि बँकेचा खातेउतारा, सगळं मी एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक